बाळाच्या कानातलं मशीन: सकाळची तपासणी आणि पावसाळ्यातली काळजी

कमी ऐकू येणाऱ्या बाळाची बेरा तपासणी (आवाजाला मेंदूकडून मिळणारा प्रतिसाद मोजणारी) झाली, मोल्डचं म्हणजे कानात बसणाऱ्या साच्याचं माप दिलं, ऐकण्याचं मशीन हातात आलं. इथून पुढचं काम घरातलं. बाळ जागं असेल तेवढा सगळा वेळ मशीन कानात हवं, आणि ते चालू हवं. तान्हं बाळ ‘आवाज येत नाही’ म्हणून तक्रार करणार नाही. बंद मशीन कानात असलं, तर तो नुसता बोळा. म्हणून रोज आधी आपण ऐकायचं, मग बाळाला घालायचं.

त्यासाठी स्टेथोक्लिप लागते. स्टेथोस्कोपसारखी दिसते, तिच्या टोकाला मशीन जोडून मोठ्या माणसानं ऐकायचं. मशीन जास्त ताकदीचं असेल तर मधे आवाज कमी करणारा फिल्टर बसवा, नाहीतर तुमचेच कान दुखतील. हातभर अंतरावरून सावकाश म्हणा: म, ऊ, आ, ई, श, स. जाड सुरापासून बारीक सुरापर्यंत बोलण्यातले सगळे आवाज या सहांत येतात. ‘स’ नेहमीपेक्षा दबलेला किंवा मधेच तुटत आला, तर मशीन वापरण्याआधी कारण शोधा. मुठीत धरल्यावर शिट्टी वाजते म्हणजे मशीन चांगलं, असं बरेच जण धरतात. शिट्टी फक्त चालू असल्याचं सांगते. आवाज स्वच्छ येतो का, हे नाही.

सेलचा नंबर स्टिकरच्या रंगावरून ओळखा: 13 नारिंगी, 312 तपकिरी, 675 निळा. हे सेल हवेवर चालतात. स्टिकर काढला की लगेच झाकण लावू नका. मिनिटभर उघडा ठेवा, मग बसवा. स्टिकर परत चिकटवून सेल वाचत नाही. लहान मुलांच्या मशीनला सेलच्या झाकणाचं कुलूप मागून घ्याच, आणि जुना सेल हातात आल्याशिवाय नवा काढू नका. सेल गिळल्याची किंवा नाकात-कानात घातल्याची नुसती शंका आली तरी उलटी काढायच्या भानगडीत न पडता थेट कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयाची किंवा जवळच्या दवाखान्याची इमर्जन्सी गाठा. सेल शरीराला आतून भाजतो, आणि त्याला फार वेळ लागत नाही.

शिट्टीची तक्रार सगळ्यात जास्त येते. शिट्टी म्हणजे आवाज मोल्डच्या कडेनं बाहेर पडून परत माइकमध्ये शिरतोय. आधी मोल्डचं वरचं टोक कानाच्या घडीत नीट गेलंय का बघा. घाईत हेच राहतं. मग ट्यूबला (मोल्ड मशीनला जोडणाऱ्या नळीला) चीर, मग कानातला मळ. हे सगळं ठीक असेल तर कान वाढलाय. पहिल्या वर्षात दोन-तीन महिन्यांत, कधी त्याआधीही मोल्ड सैल होतो. नवं माप द्यावंच लागतं. शिट्टी थांबवायला आवाज कमी करून ठेवणं हा सगळ्यात वाईट उपाय. घर शांत होतं, पण बाळाला कमी ऐकू येतं.

आपल्याकडं टोपडं आणि कुंची सुटत नाहीत. जाड कापड माइकवर आलं की खरखर, नाहीतर शिट्टी. पातळ सुती टोपडं चालतं, उलट मशीन ओढायची सवय असलेल्या बाळाला बरंच. मशीनची दोरी झबल्याला पाठीमागून क्लिप करा. पुढं लावली की ती थेट तोंडात जाते. दूध पाजताना उशीकडचा कान दाबला जाऊन शिट्टी येते, तेव्हा कूस थोडी बदला.

मालिशीच्या वेळी कानात तेल सोडायची पद्धत इथं मात्र थांबवा. तेलानं मोल्ड निसटतो, तेल-मळ मिळून ट्यूबचं तोंड बुजतं, आणि पडद्याला भोक असेल तर संसर्ग आत जातो. आजींना हे घरच्यांपेक्षा ऑडिओलॉजिस्टनं (श्रवणतज्ज्ञानं) सांगितलेलं जास्त पटतं.

मोल्ड रोज कोरड्या कापडानं पुसा. आठवड्यातून एकदा ट्यूबसह मशीनपासून सुटा करून कोमट पाण्यात सौम्य साबणानं धुवा, रबरी ब्लोअरनं ट्यूबमधलं पाणी उडवा आणि पूर्ण वाळल्यावरच जोडा. मशीनला पाणी, स्पिरीट, हेअर ड्रायर काहीही नको. ट्यूब पिवळी, कडक झाली की बदलून घ्या.

जून ते सप्टेंबर कोल्हापुरात कपडे वाळत नाहीत, तिथं मशीनचं काय? दमटपणानं ट्यूबमध्ये थेंब धरतात आणि सकाळी ठीक असलेला आवाज दुपारी तुटायला लागतो. रात्री सेल काढा, सेलचं झाकण उघडं ठेवा आणि मशीन सिलिका जेलच्या (ओल शोषणाऱ्या दाण्यांच्या) घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. सेल डब्यात नको, तो आतून सुकतो. दाण्यांचा रंग बदलला की पाकिटावर लिहिल्याप्रमाणं ते तापवून घ्या किंवा बदला. तांदळाच्या डब्याचा सल्ला कुणीतरी देईलच. तांदूळ ओल फारशी ओढत नाही आणि पीठ माइकच्या भोकात बसतं. मशीन उन्हात वाळवणं किंवा गाडीच्या डिकीत ठेवणंही नको.

रंकाळा तलावावर वारा असतो, महाद्वार रोडवर गोंगाट. मशीन दोन्ही मोठं करतं. अशा ठिकाणी लांबून हाका मारण्यापेक्षा बाळाला उचलून कानाजवळ बोला.

कान वाहायला लागला तर त्या कानातलं मशीन काढून कान-नाक-घसा डॉक्टरांना दाखवा. दुसऱ्या कानातलं चालू ठेवा. मशीन दुरुस्तीला टाकताना तेवढ्या दिवसांसाठी बदली मशीन मागा, आणि ते बाळाच्या बेरा रिपोर्टप्रमाणं सेट करून घेतल्याशिवाय घरी आणू नका.