महादेव कोळी जमातीच्या जुन्या नोंदी कशा शोधाव्यात

जुन्नर, आंबेगाव, खेड या तालुक्यांतून पुण्यात किंवा पिंपरी-चिंचवडला येऊन स्थायिक झालेल्या महादेव कोळी कुटुंबांत मूल बारावीला पोहोचले, की वैधता प्रमाणपत्रासाठी, म्हणजे जमातीचा दाखला खरा असल्याचे पडताळणी समितीने देण्याच्या प्रमाणपत्रासाठी, धावपळ सुरू होते. त्यासाठी लागणाऱ्या जुन्या नोंदींचा शोध त्याच्या बराच आधी सुरू करावा, आणि तोही कचेरीत नव्हे, तर गावी घरातल्या वडीलधाऱ्या माणसांजवळ बसून.

सर्वप्रथम वडिलांकडची वंशावळ लिहून काढावी. आजोबा, पणजोबा, त्यांचे भाऊ आणि बहिणी अशी सर्वांची नावे त्यात असावीत. लग्न होऊन गेलेल्या आत्यांना वगळण्याची चूक अनेक जण करतात; वास्तविक एखादी आत्या शाळेत गेली असेल, तर तिची नोंद माहेरच्या नावाने सापडते आणि ती तितकीच उपयोगी ठरते. घरात ज्यांना रामा म्हणत, ते कागदावर रामचंद्र असू शकतात, म्हणून दोन्ही नावे टिपून ठेवावीत. जन्मतारखेवर मात्र फार विसंबू नये, कारण गुरुजींनी अंदाजाने लिहिलेली १ जून ही तारीख निम्म्या गावाची असते.

या सगळ्या शोधात ६ सप्टेंबर १९५० ही तारीख ध्यानात ठेवावी. त्या दिवशी अनुसूचित जमातींची यादी ठरवणारा राष्ट्रपतींचा आदेश निघाला. त्यापूर्वीची नोंद सवलतीसाठी केली असण्याचा संशय घेता येत नसल्याने तिचे मोल सर्वाधिक मानले जाते. अशी नोंद बहुधा गावच्या प्राथमिक शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये, म्हणजे विद्यार्थ्यांच्या प्रवेशाच्या नोंदवहीत, मिळते. शाळा सोडल्याच्या नव्या दाखल्यावर समाधान न मानता मूळ रजिस्टरमधील त्या पानाचा प्रमाणित उतारा, नोंद क्रमांकासह, मुख्याध्यापकांकडे लेखी अर्ज करून मागावा. पूर्वज शाळेत गेलेच नसतील, तर तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षातील जन्म-मृत्यूची नोंदवही, म्हणजे गाव नमुना चौदा, पाहावी. जुने फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कातील बदलांच्या नोंदी, मुख्यतः नाते सिद्ध करण्यास उपयोगी पडतात.

बरेच जुने कागद मोडी लिपीत असतात आणि त्यांत आडनाव न लिहिता ‘धोंडू बिन राणू’ अशी नोंद असते. येथे बिन म्हणजे ‘चा मुलगा’. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाकडे मोडीचे वर्ग चालतात, तेव्हा घरातल्या एखाद्या तरुणाने लिपी शिकून घेतली तर उत्तमच. समितीपुढे मात्र जाणकाराकडून करवून घेतलेले प्रमाणित लिप्यंतर जोडावे.

सर्वांत नाजूक प्रश्न नुसत्या ‘हिंदू कोळी’ या नोंदीचा आहे. कोळी नावाचे इतरही समाज असल्यामुळे केवळ तेवढ्या शब्दावर जमात सिद्ध होत नाही, पण म्हणून ती नोंद दडवू नये आणि तिच्यात खाडाखोड तर मुळीच करू नये, कारण समितीचे चौकशी करणारे दक्षता पथक शाळेत जाऊन मूळ रजिस्टर पाहते. त्याच पिढीतील दुसऱ्या भावाची ‘महादेव कोळी’ अशी स्पष्ट नोंद शोधून दोन्ही एकत्र मांडाव्यात. वडिलांकडच्या रक्ताच्या नातेवाइकाला वैधता मिळालेली असल्यास तिची प्रत आणि त्याच्याशी असलेले नाते दाखवणारी वंशावळ प्रतिज्ञापत्रावर द्यावी.

चौकशीत कुलदैवत, लग्नविधी, सण यांविषयीही विचारतात. शहरात वाढलेल्या मुलांना हे ठाऊक नसते, आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही आप्तभाव चाचणी एकमेव निर्णायक कसोटी नसल्याचे स्पष्ट केले आहे. तरीही आजीला विचारून ही माहिती वंशावळीच्याच वहीत लिहून घ्यावी.