घरच्या कॉम्प्युटरला सुरक्षा किती लागते?

अँटिव्हायरसच्या किमती बघण्याआधी एका कागदावर दोन गोष्टी लिहा. हा कॉम्प्युटर उद्या बंद पडला तर काय कायमचं जाईल? आणि तो दुसऱ्याच्या हाती लागला तर कोणाच्या पैशापर्यंत पोचता येईल? मुलं ज्यावर फक्त गेम खेळतात आणि ज्यावर नेटबँकिंग, दुकानाची टॅली आणि घरातले सगळे फोटो आहेत, त्या दोन मशीनना सारखीच सुरक्षा देण्यात अर्थ नाही.

अपडेट मात्र दोन्हींना हवेतच. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हे रॅन्समवेअर, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्राम, पसरला, तेव्हा त्याने वापरलेली फट बुजवणारा अपडेट मार्चमध्येच आलेला होता. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. मशीन विंडोज ११ ला चालत नसेल, तर वाढीव सुरक्षा अपडेटसाठी नोंदणी करा किंवा विंडोजऐवजी लिनक्स टाका. यातलं काहीच जमत नसेल, तर त्यावर बँकेचे व्यवहार नकोत.

विंडोजमध्येच असलेला डिफेंडर हा अँटिव्हायरस बहुतेक घरांना पुरतो. नव्या लॅपटॉपसोबत चाचणीपुरता आलेला अँटिव्हायरस मुदत संपल्यावर तसाच पडून राहतो. तो काढून टाका, रीस्टार्ट करा आणि ‘विंडोज सिक्युरिटी’त रिअल-टाइम प्रोटेक्शन चालू झालंय का ते बघा. फुकटात मिळालेलं क्रॅक सॉफ्टवेअर टाकताना ‘आधी अँटिव्हायरस बंद करा’ असं सांगतात, तिथेच थांबा. तो बंद करून आत घेतलेल्या फाइलपुढे महागडा अँटिव्हायरसही काही करू शकत नाही.

रोजच्या वापराचं खातं अ‍ॅडमिनचं, म्हणजे मशीनवर सगळे बदल करू शकणारं, नको. सेटिंग्ज, अकाउंट्स, अदर यूजर्स इथे नवं खातं उघडा, त्याला अ‍ॅडमिनिस्ट्रेटर करा आणि वेगळा पासवर्ड द्या. मग त्या खात्यातून आत जाऊन जुनं खातं ‘स्टँडर्ड’ करा. क्रम उलटा नको, मशीनवर एक तरी अ‍ॅडमिन लागतोच. आता काही इन्स्टॉल करताना पासवर्ड विचारला जाईल. हा त्रास नाही, विचार करायला मिळालेली सवड आहे.

खर्च करायचाच असेल तर बॅकअपवर करा. १ टीबीची बाहेरची हार्ड डिस्क घ्या. फोटोंची प्रत महिन्यातून एकदा, टॅलीची रोज घ्या आणि प्रत झाली की केबल काढून ठेवा. कायम जोडलेली डिस्क रॅन्समवेअर मूळ फाइलींसोबतच कुलूपबंद करतं. अधूनमधून त्यातल्या चार फाइली उघडून बघा, कारण न उघडणारा बॅकअप ऐन वेळी कळून उपयोग नसतो.

लॅपटॉप बाहेर नेत असाल तर डिस्क एन्क्रिप्शन, म्हणजे किल्लीशिवाय डिस्क वाचता न येणं, हवंच. ते आधीपासून चालू असेल तरी त्याची ४८ अंकी रिकव्हरी की (डिस्क उघडायचा राखीव आकडा) छापून कपाटात ठेवा. मदरबोर्ड बदलल्यावर ती मागितली जाते आणि नसेल तर डेटा गेला.

पैसे देऊन घेतलेला व्हीपीएन (इंटरनेटची ये-जा झाकणारी सेवा), ‘पीसी क्लीनर’ आणि वायफायचं नाव लपवणं यांची घरी गरज नाही. राउटरच्या अ‍ॅडमिन पेजचा मूळ पासवर्ड बदलणं आणि डब्ल्यूपीएस (बटण किंवा पिनने वायफाय जोडायची सोय) बंद करणं यांची आहे. ईमेलला दोन टप्प्यांचं लॉगिन लावाच, कारण बाकी बहुतेक पासवर्ड तिथूनच बदलता येतात.

‘बँकेतून बोलतोय’ म्हणत कोणी स्क्रीन शेअर करायला लावली, तर यातलं काहीच आड येत नाही, कारण परवानगी तुम्हीच दिलेली असते. घरातल्या ज्येष्ठांना हे आधीच सांगून ठेवा. पैसे गेलेच तर इंटरनेट तोडा आणि लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. जितका उशीर, तितकी रक्कम अडवणं कठीण.