चक्रीवादळाचं बुलेटिन असं वाचा

अरबी समुद्रात वादळ उठलं की व्हॉट्सअ‍ॅपवरचे नकाशे सोडा आणि भारतीय हवामान खात्याचं बुलेटिन उघडा. खात्याचं दिल्लीतलं केंद्र ओमान, इराण, बांगलादेशसह 13 देशांसाठी काम करतं. वादळांची नावंही सगळ्यांनी मिळून दिलेली. ‘निसर्ग’ बांगलादेशचं, ‘तौक्ते’ म्यानमारचं. वारा ताशी 62 किमीला पोचला की नाव पडतं.

बुलेटिनमधल्या नकाशावरचा शंकू, म्हणजे वादळ पुढे कुठून जाऊ शकतं तो पट्टा, नीट बघा. आमच्या किनाऱ्यावर सगळे मधल्या रेषेवरच बोट ठेवतात. तसं करू नका! वादळाचं केंद्र शंकूत कुठूनही जाऊ शकतं, वारा त्याबाहेरही झोडपतो. 3 जून 2020 ला निसर्ग अलिबागच्या दक्षिणेला धडकलं आणि श्रीवर्धन, दापोलीकडच्या नारळी-पोफळी आडव्या झाल्या. पोफळ पुन्हा धरायला वर्षं जातात, म्हणून इतकं सांगतोय.

पिवळा इशारा साधारण 48 तास आधी येतो, केशरी 24 तास आधी. होडी पिवळ्यालाच वर ओढा, पत्र्यांचे हूक आवळा. समुद्राची लाट नेहमीपेक्षा किती मीटर चढेल तेही बुलेटिनमध्ये असतं. तो आकडा त्या दिवशीच्या भरतीच्या वेळेशी ताडून बघा. दोन्ही एकत्र येत असतील, तर खाडीकाठच्या म्हाताऱ्या माणसांना उजेडीच हलवा.