तारीख उलटल्यावर होणाऱ्या चुका, आणि त्यातली एक माझी

"सिस्टर, तारीख उलटून दोन दिवस झाले, कळाच येईनात की ओ." सोलापुरात लेबर रूममध्ये बावीस वर्षं काढली, हे वाक्य कानावर पडलं नाही असा एक आठवडा आठवत नाही. म्हणणारी माणसं दोन जातीची. एक, तारीख उलटली त्याच संध्याकाळी बॅग भरून दारात उभी राहणारी: "करून टाका की सिझर, वाट कशाला बघायची?" दुसरी, "आमच्या आत्याला दहावा लागला होता, काय झालं नाही" म्हणत घरी निवांत बसणारी. पहिल्यांना थांबवताना घसा बसतो. दुसऱ्यांना आणताना अॅम्ब्युलन्स लागते.

आधी हिशेब. तारीख म्हणजे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून 280 दिवस, म्हणजे 40 आठवडे. आपल्या आज्या 'नऊ महिने नऊ दिवस' म्हणायच्या, त्या काही फार चुकल्या नव्हत्या. पण नेमक्या तारखेला जन्मणारी बाळं शंभरात चार-पाचच. बाकीची चार दिवस अलीकडे नाही तर पलीकडे. जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं असं, की तारीख पक्की असेल आणि 41 आठवडे पूर्ण होऊनही कळा आल्या नसतील, तर त्या औषधानं सुरू कराव्यात. म्हणजे आईची आणि बाळाची प्रकृती ठणठणीत असेल तर तारखेनंतर साधारण एक आठवडा. बीपी, साखर, बाळाची वाढ कमी, बाळाभोवतीचं पाणी कमी, असं काही असलं तर हा आठवडा मिळत नाही. ते गणित वेगळं, ते तुमच्या डॉक्टरांचं.

आता वरच्या वाक्यातले 'तारीख पक्की असेल' हे तीन शब्द पुन्हा वाचा. निम्मा गोंधळ तिथंच आहे.

फाईलमधला सगळ्यात वरचा कागद खरा मानणे

सोनोग्राफीच्या प्रत्येक रिपोर्टवर एक तारीख छापलेली असते. तीन सोनोग्राफ्या, तीन तारखा. लोक शेवटची धरतात, कारण ती 'ताजी' असते आणि फाईलमध्ये वर असते. बातमी ताजी घ्यावी, भाजी ताजी घ्यावी; बाळंतपणाची तारीख शिळीच घ्यावी. पहिल्या तीन महिन्यांत सगळी बाळं जवळपास एकाच वेगानं वाढतात, म्हणून तेव्हा डोक्यापासून ढुंगणापर्यंत मोजलेल्या लांबीवरून काढलेली तारीख पाच-सात दिवसांपेक्षा जास्त चुकत नाही. शेवटच्या तीन महिन्यांत कुणी गुटगुटीत, कुणी काटक. तेव्हाच्या मापावरून काढलेली तारीख तीन-तीन आठवडे इकडेतिकडे जाते.

हे मला शाळेतल्या पाढ्यासारखं पाठ होतं. तरी चुकले.

गड्ड्याचे दिवस होते. 12 जानेवारी, सोलापुरात सिद्धेश्वराच्या यात्रेची, म्हणजे गड्ड्याची गर्दी, आमच्या डॉक्टर मॅडम ऑपरेशनमध्ये. अक्कलकोटकडची एक पोरगी, पहिलटकरीण, आईबरोबर तपासणीला आली. सासर पुण्याला, सातव्यात माहेरी आलेली. पहिल्या तीन महिन्यांचे कागद पुण्यालाच राहिलेले. पिशवीतून फाईल निघाली, वर डिसेंबरची सोनोग्राफी, तारीख 24 जानेवारी. मी ठोके ऐकले, बीपी घेतलं, चांगलं होतं. आई म्हणाली, "सिस्टर, गड्डा होऊ दे का? दोन दिवसांनी यात्रेतल्या अक्षता, रस्ते बंद असत्यात." मी म्हणाले, "अजून बारा दिवस आहेत मावशी, निवांत या."

17 तारखेला रात्री साडेअकराला ती परत आली. दुपारपासून बाळ हालत नव्हतं, हालत होतं ते उगीच जरासं. ठोक्यांचा आलेख बघूनच मॅडमचा चेहरा बदलला. नवऱ्यानं पुण्याहून व्हॉट्सअॅपवर कपाटातल्या जुन्या रिपोर्टचा फोटो पाठवला. आठव्या आठवड्यातली सोनोग्राफी, तारीख 8 जानेवारी. मी बारा दिवस बाकी सांगितले त्या दिवशी तिची तारीख उलटून चार दिवस झाले होते. रात्री सिझर केलं. पाणी नावालाच होतं, आणि तेही हिरवं, डाळीच्या वरणासारखं घट्ट. बाळानं आतच शी केलेली. वजन दोन किलो शंभर ग्रॅम. सहा दिवस काचेच्या पेटीत राहून पोरगं घरी गेलं.

यातली खरी मेख अशी: डिसेंबरच्या सोनोग्राफीत ते बाळ वयापेक्षा सोळा दिवसांनी 'लहान' दिसलं, कारण ते वाढतच नव्हतं. मशीननं वजन-माप बघून तारीख पुढं ढकलली. म्हणजे ज्या बाळाला थांबवायला नको होतं, त्यालाच कागदानं जास्त दिवस दिले. पहिला रिपोर्ट समोर असता तर कुणीही विचारलं असतं, वाढ का खुंटली? तिला तारखेपर्यंतसुद्धा थांबवलं नसतं.

तेव्हापासून माझी एक सवय आहे. फाईल हातात आली की मी उलटी करते. सगळ्यात खालचा कागद काढायचा, त्यावरची तारीख लाल पेननं फाईलच्या पुठ्ठ्यावर मोठी लिहायची, खाली '41 पूर्ण' म्हणून सात दिवस पुढची. कागद नसेल तर फोन लावायला लावायचा, माझ्यासमोर. लोक वैतागतात. वैतागू दे. घरच्या घरी करायचं तर पहिल्या रिपोर्टचा फोटो बाळंतिणीच्या, नवऱ्याच्या आणि आईच्या, तिघांच्या मोबाईलमध्ये ठेवा.

पाळीची तारीख "नागपंचमीच्या आसपास" अशी आठवणाऱ्या बायका, पाळी दोन-दोन महिन्यांनी येणाऱ्या बायका, यांच्यासाठी तर पहिली सोनोग्राफी हाच एक आधार. ती चुकवू नका, एवढंच.

हालचाल कमी झाली तर 'जागा उरली नाही' म्हणणे

खोटं आहे. शेवटी बाळाच्या हालचालीची तऱ्हा बदलते, लाथेऐवजी सरकल्यासारखं वाटतं, पण हालचाल कमी होत नाही. जेवून डाव्या कुशीवर पडा, दोन तासांत दहा हालचाली मोजा. बहुतेकींच्या त्याच्या आधीच भरतात. नाही भरल्या तर निघा. गोड खाऊन बघू, गार पाणी पिऊन बघू, सकाळी बघू, यात रात्र घालवू नका. आणि मागच्या सोमवारी पट्टा लावून ठोके चांगले आले होते, हे या सोमवारचं उत्तर नाही. ही पट्ट्याची तपासणी, म्हणजे एनएसटी, त्या वेळचं सांगते. आठवड्याची हमी देत नाही.

कळा याव्यात म्हणून एरंडेल पिणे

जुलाब होतात. कळा आल्याच तर वेड्यावाकड्या येतात, आणि त्या घरात येतात जिथं ठोके बघायला कुणी नसतं. नको.

'सकाळी सलाईन, संध्याकाळी पेढे'

ही माझी दुसरी आवडती चूक. आवडती म्हणजे ऐकून ऐकून डोकं उठलेली.

कळा सुरू करायच्या म्हणजे बटण दाबायचं नसतं. आधी मॅडम आतून तपासतात: गर्भपिशवीचं तोंड किती उघडलंय, किती पातळ, किती मऊ, कुठल्या बाजूला, डोकं किती खाली. या पाच गोष्टींना गुण द्यायची पद्धत बिशप नावाच्या अमेरिकन डॉक्टरनं 1964 साली मांडली, आजही तीच चालते. आठ किंवा जास्त गुण आले तर काम सोपं. सहाच्या आत असतील तर तोंड अजून कच्चं आहे, ते आधी पिकवावं लागतं. त्यासाठी जेल ठेवतात, किंवा अगदी बारीक मात्रेची गोळी देतात, किंवा फुगा घालतात. जेल एकदा ठेवलं की सहा तास वाट बघायची. कधी दुसऱ्यांदा ठेवावं लागतं. मग पाणमोट फोडायची, मग सलाईनमधून कळांचं औषध. पहिलटकरणीला यात अख्खा दिवस आणि वर रात्र जाणं अगदी रोजचं आहे.

आणि बाहेर बाकड्यावर काय चालतं? सकाळी नऊला जेल ठेवलं. अकराला पहिला प्रश्न, "किती उघडलं?" दोनला मामा येतात, "आमच्या शेजारणीचं तीन तासात झालं." सातपर्यंत विहीणबाईंचा चेहरा उतरलेला, फोनवर फोन. नऊला नवरा आत येऊन म्हणतो, "सिस्टर, तिला बघवंना, सिझर करा." पोरगी आत खिचडी खात असते, तिला दोन बोटं उघडलेलं असतं, बाळाचे ठोके एकशेचाळीस. बाळाला घाई नाही, आईला घाई नाही. मामाला आहे.

बाळाचे ठोके आणि आईची तब्येत ठीक असेल, तर पाणमोट फोडून सलाईन सुरू केल्यानंतरसुद्धा निदान बारा ते अठरा तास दिल्याशिवाय 'कळा लागू पडल्या नाहीत' असं म्हणू नये, असा डॉक्टरी संकेत आहे. सकाळच्या जेलपासून नव्हे, सलाईनपासून. ठोके पडले, आईला ताप आला, तर गोष्ट वेगळी. तेव्हा सिझर एक मिनिटही लांबवायचं नाही. पण बाकड्यावरचा कंटाळा हे सिझरचं कारण नाही.

मी आता दाखल करतानाच सांगते: "आज बाळ होणार नाही असं धरा. उद्याचा डबा सांगून ठेवा. एकजण थांबा, बाकीचे घरी जा, मामांना फोन मी करीन." सहा वाजता झालं तर आनंदच.

डॉक्टर मंडळींचीही यात चूक असते, ती लपवत नाही. तोंड कच्चं, तारखेला जेमतेम एक दिवस उलटलेला, आणि परवा रविवार म्हणून आज जेल. मग सोमवारी म्हणायचं, लागू पडलं नाही. 2018 साली अमेरिकेतला एक मोठा अभ्यास आला, सहा हजारांवर पहिलटकरणींचा. 39 आठवड्यांना कळा सुरू केल्या तर सिझर वाढले नाहीत, उलट थोडे कमी झाले: बावीस टक्क्यांवरून एकोणीसवर. मॅडमनी तो आम्हाला वाचून दाखवला आणि वर म्हणाल्या, "तिथं तारखा पक्क्या होत्या, आणि घाई नव्हती." घाई करून त्याचा दाखला द्यायचा नाही.

कळांचं इंजेक्शन कमरेत

हा शॉर्टकट अजून कुठंकुठं चालतो, "आधी एक टोचून घ्या, मग शहरात जा." सलाईनमधल्या औषधाला चाक असतं. बाळाचे ठोके उतरले की मी चाक बंद करते, थोड्या वेळात कळा ओसरतात. कमरेत टोचलेलं परत काढता येत नाही. पिशवी आवळत राहते, बाळाला श्वास मिळत नाही, आणि तुम्ही मोहोळच्या रस्त्यावर असता. अशीच तोंड पिकवायची 200 मायक्रोग्रॅमची गोळी ब्लेडनं कापून 25ची करणारे हातही मी पाहिलेत. तुकडा लहान आला की मोठा, कुणाला कळणार? 25ची तयार गोळी मिळते. मागं सिझर झालेलं असेल तर ही गोळी अजिबात नाही, टाका उसवायची भीती असते. दाखल होताना जुनं सिझर लपवणारी माणसं भेटलीत मला. का लपवतात, देव जाणे.

बाकीच्या, एकेका ओळीत

नाळ गळ्यात आहे: शंभरात वीस-तीस बाळांच्या असते, तेवढ्यावरून काही ठरवत नाहीत.

बाळ चार किलोचं दिसतंय: सोनोग्राफीतलं वजन अंदाज असतो, किलोमागं दीडशे ग्रॅम सहज इकडंतिकडं.

मुहूर्त, अमावस्या, मूळ नक्षत्र: पंचांग बघायला मला हरकत नाही. पण 41 पूर्ण झाल्यावर चांगला दिवस म्हणजे आजचा.

जिने चढा, उकिडव्यानं फरशी पुसा: व्यायाम म्हणून ठीक. सोलापूरच्या मे महिन्यात दुपारी करून चक्कर येऊन पडू नका.

आतून तपासताना डॉक्टर बोटानं पडदा मोकळा करतात, त्याला नको म्हणणे: जरा दुखतं, थोडं रक्त येतं, पण त्यानं बऱ्याच जणींचं जेल वाचतं. विचारा.

'वाट बघितल्यानं काय होतंय?'

बहुतेक वेळा काहीच होत नाही. म्हणूनच लोकांना पटत नाही. स्वीडनमध्ये 41 आठवड्यांना कळा सुरू करणं आणि 42पर्यंत थांबणं यांची तुलना केली होती, 2019 साली छापून आली. 2760 बायका. थांबलेल्यांच्या गटात सहा बाळं दगावली, दुसऱ्या गटात एकही नाही, तेव्हा त्यांनी अभ्यासच मध्ये थांबवला. जगभरचे अभ्यास एकत्र करून काढलेला आकडाही आहे: साधारण 544 जणींच्या कळा सुरू केल्या की एक बाळ वाचतं. म्हणजे 543 आत्या खरं बोलत असतात. कुठली आत्या उरलेली एक, हे आधी कुणालाच ओळखता येत नाही.

ज्यांना तरीही थांबायचंय, त्यांना मी भांडून आणत नाही. आठवड्यातून दोनदा ठोके आणि पाणी बघून जा म्हणते, आणि रोज हालचाल मोजा. जानेवारीत 12 ते 16 या दिवसांत तारीख येत असेल तर नंदीध्वजांच्या मिरवणुकीचा रस्ता आधी विचारून ठेवा, दवाखान्यात यायचा दुसरा रस्ता ठरवा. रात्री दोनला शंका आली तर ओपीडी उघडायची वाट बघू नका. 108 लावा नाहीतर रिक्षा करा, पण या. आणि फाईल आणताना खालचा कागद तपासून आणा, नाहीतर मी दारातच विचारणार आहे.