मांडवीत होडीतून गळ टाकताना नांगर कुठे आणि कसा घालावा

गळ कोणता, आमिष कोणतं, चोणक कधी घेतो आणि तांबसा कधी, यावर सांगणारे पुष्कळ भेटतील. लाइफ जॅकेट अंगात आहे, इंधन भरलेलं आहे आणि कॅप्टन ऑफ पोर्ट्सकडे, म्हणजे गोव्याच्या बंदर खात्याकडे, होडीची नोंदणी झालेली आहे, हे मी धरूनच चालतो. मला सांगायचंय ते नांगराबद्दल. वीस वर्षं मी गोव्यातल्या मांडवी नदीत छोट्या होडीतून गळ टाकतोय, आणि या नदीत नवशिक्याचा जीव धोक्यात येतो तो माशामुळे नाही, नांगरामुळे. (चोणक म्हणजे रायगडकरांचा जिताडा, तिकडच्या वाचकांनी तसं वाचावं.)

आधी नदी कोणाची ते समजून घ्या

मांडवी हा 2016 च्या कायद्यानुसार राष्ट्रीय जलमार्ग 68 आहे. उसगावच्या पुलापासून समुद्रापर्यंत 41 किलोमीटर. त्यात खनिजाचे बार्ज चालतात, रायबंदर-चोडण फेरी चालते, पणजीसमोर कॅसिनोची जहाजं नांगरलेली असतात, संध्याकाळी पर्यटकांच्या बोटी फिरतात आणि काठाने पिढ्यान्‌पिढ्या जाळी लावणारे लोक आहेत. आपण हौसेसाठी आलेले आहोत, त्यांचं पोट त्या पाण्यावर आहे.

"मासेमारी करणाऱ्या होडीला सगळ्यांनी वाट द्यायची असते" हा सल्ला मी किती जणांच्या तोंडून ऐकला असेल! तो चुकीचा आहे. समुद्रातली टक्कर टाळण्याच्या 1972 च्या आंतरराष्ट्रीय नियमांत मासेमारीची नौका म्हणजे जिची जाळी किंवा दोर तिला वळायला अडथळा करतात ती. हातातला गळ गुंडाळून क्षणात निघू शकणारी होडी त्यात बसत नाही. आणि जाळ्याच्या नौकेनेही अरुंद जलमार्गात दुसऱ्याची वाट अडवायची नाही, जलमार्गात शक्यतो नांगर टाकायचाच नाही, असंही तेच नियम सांगतात. भरलेला बार्ज तुम्हाला पाहून थांबेल अशी अपेक्षा धरू नका. चालकाने इंजिन उलटं फिरवलं तरी ते धूड बरंच पुढे येऊन मगच थांबतं.

जागा निवडणं

समुद्राकडून वर येताना लाल बोया (वाट दाखवणारा तरंगता खुणेचा पिंप) डावीकडे आणि हिरवा उजवीकडे राहतो. त्या दोन रांगांच्या मधलं पाणी वाहतुकीचं. तुम्ही त्याच्या बाहेर, काठाच्या बाजूला. बोयाला होडी बांधायची नाही, पाच मिनिटांसाठीसुद्धा नाही. फेरीच्या वाटेपासून लांब राहा आणि हे लक्षात घ्या की फेरी सरळ रेषेत जात नाही, पाण्याच्या ओढीने ती वाकून जाते, त्यामुळे धक्क्यापासून धक्क्यापर्यंत मनात आखलेल्या रेषेपेक्षा जास्त पाणी तिला लागतं. चोडण बेटाच्या पश्चिम टोकाला सलीम अली पक्षी अभयारण्य आहे, त्याच्या हद्दीत गळ टाकू नका. खुंट्यांवर लावलेल्या जाळ्यांच्या वरच्या अंगालाही नांगर टाकू नका. तो घसरला तर थेट जाळ्यात जातो आणि फाटलेलं जाळं शिवायला त्या माणसाचे दिवस जातात.

पाण्याची वेळ

भरती-सुकतीचा (सुकती म्हणजे ओहोटी) तक्ता पाहा. तिथीला पाऊणने गुणून भरतीची वेळ काढायचा जुना हिशेब मुंबईच्या बाजूचा आहे. मांडवीच्या मुखाशी पाणी त्याआधी चढतं, आणि आत जाल तसं उशिरा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात ओढ जोरदार असते, म्हणून शिकणाऱ्याने अष्टमीच्या आसपासच्या भांगाच्या, म्हणजे कमी ओढीच्या, पाण्यात सुरुवात करावी. दुपारनंतर समुद्रावरून वारा सुटतो. तेव्हाच सुकती लागली असेल तर वारा आत आणि पाणी बाहेर, अशी दोघांची झुंज लागून आखूड, उभ्या लाटा उठतात. अशा दुपारी मी होडी काढतच नाही. पावसाळ्यात तर प्रश्नच नाही.

नांगर

आता मुख्य गोष्ट. नांगराचा दोर नाळेलाच बांधायचा, म्हणजे होडीच्या तोंडाला. मागच्या फळीला कधीही नाही. कितीही सोयीचं वाटलं तरी नाही.

मी हे शिकलो ते दिवाडी बेटाजवळच्या एका वळणावर. होडीतल्या आम्हा दोघांनाही ओढीच्या दिशेने गळ सोडता यावेत म्हणून मी दोर मागे बांधला होता. पौर्णिमेची सुकती होती. मागची फळी हा होडीचा सगळ्यात बुटका भाग, तिच्यावर इंजिनाचं वजन, त्यात आम्ही दोघं मागेच बसलेलो, आणि तणावलेला दोर तीच बाजू खाली खेचतोय. बाजूने पर्यटकांची एक बोट गेली, फार वेगात नव्हती. तिची पहिली लाट फळीवरून आत आली. त्या पाण्याच्या वजनाने फळी आणखी खाली बसली आणि दुसरी लाट पूर्णच आत आली. इंजिन बुडलं. दोर सोडायला गेलो तर गाठ इतकी आवळलेली की बोटांनी हलेना, आणि सुरी पेटीत, पेटी पाण्यात. जवळच पातीवर (लहान होडीवर) जाळं ओढणाऱ्या एका काकांनी येऊन कोयत्याने दोर तोडला म्हणून आम्ही होडीतच राहिलो. हे सगळं मिनिटभरात झालं. त्या बोटीवाल्याला मी आजही दोष देत नाही. नाळ लाटेकडे असती तर तीच लाट आम्हाला नुसती वर उचलून खाली ठेवून गेली असती.

"दोन नांगर टाका, एक पुढे एक मागे, होडी हलत नाही" असाही सल्ला देतात. बंदिस्त तळ्यात ठीक. वाहत्या, भरतीच्या नदीत होडी हललीच पाहिजे, तिला पाण्याबरोबर फिरून नाळ ओढीकडे करता आलीच पाहिजे. दोन्हीकडून बांधलेल्या होडीवर लाट आडवी येते तेव्हा तिला सुटायला जागा नसते.

दोर किती सोडायचा याचा हिशेब सोपा आहे आणि बहुतेक जण चुकतात तो इथेच. खोली 4 मीटर, नाळेची पाण्यापासून उंची अर्धा मीटर, भरती चढायची असेल तर त्यासाठी आणखी 2 मीटर धरा. झाले साडेसहा. त्याच्या पाचपट, म्हणजे 32-33 मीटर. ओढ जास्त असेल तर सातपट. आखूड दोर नांगराला वर उपटतो, लांब दोर त्याला आडवं ओढून चिखलात रुतवतो. नांगर आणि दोर यांच्यामध्ये 3 ते 5 मीटर साखळी हवी. तिच्या वजनामुळे नांगराची दांडी तळाशी आडवी राहते. बाजारात चार पाकळ्यांचा घडीचा नांगर स्वस्तात मिळतो. तो खडकात अडकतो, पण मांडवीच्या चिखलात नुसता सरकत जातो. इथे रुंद सपाट पात्यांचा नांगर घ्या.

टाकायची रीत अशी. जिथे गळ सोडायचाय त्या जागेच्या वर, ओढीच्या विरुद्ध दिशेने जा. किती वर, तर सोडणार असलेल्या दोराच्या लांबीइतकं. नाळ ओढीकडे धरून इंजिन मंद करा. होडी थांबून मागे सरकू लागली की नांगर हातातून हळू खाली सोडा. भिरकावू नका, साखळी नांगरावरच गुंडाळली जाते. होडी मागे जाईल तसा दोर देत राहा, ठरलेली लांबी झाली की नाळेच्या खुंटीला वळसा द्या आणि तणाव घेऊ द्या. दोराच्या वेटोळ्यात पाय नाही ना, हे प्रत्येक वेळी बघा.

मग काठावरच्या दोन खुणा एका रेषेत धरा, जवळचा माड आणि मागचा देवळाचा कळस, काहीही. पाच मिनिटं बघत राहा. खुणा एकमेकींपासून सरकू लागल्या तर नांगर घसरतोय. आणखी दोर द्या, तरीही घसरला तर उचलून पुन्हा टाका. हे झाल्याशिवाय गळाला आमिष लावू नका.

दोराच्या शेवटच्या टोकाला एक मोठा तरंगता बोया बांधून ठेवा, 20 लिटरचा घट्ट झाकणाचा रिकामा कॅनही चालतो. बार्ज अंगावर येतोय असं वाटलं किंवा मोठा मासा होडीला फिरवू लागला, तर नांगर ओढत बसायचं नाही. खुंटीवरचा वळसा सोडा, कॅन पाण्यात टाका, निघून जा. नंतर येऊन उचला. खुंटीला पक्की गाठ मारू नका ती याचसाठी. सुरी कमरेला, पेटीत नाही.

इतर बोटी येतात तेव्हा

बोट जवळून जाणार दिसली की गळ गुंडाळा. तुमची तंगूस, म्हणजे गळाची दोरी, तिच्या पंख्यात गेली तर नुकसान दोघांचंही. अर्ध्या वेगातल्या स्पीडबोटीची लाट पूर्ण वेगातल्यापेक्षा मोठी असते, तेव्हा ती हळू झाली म्हणून निर्धास्त होऊ नका, खाली बसा. बार्ज जाताना काठाचं पाणी आधी ओसरतं आणि मग एकदम परत येतं. म्हणून खारफुटीला होडी आखूड दोराने बांधून ठेवणं मला पसंत नाही. पाच छोटे भोंगे ऐकू आले तर समोरच्याला तुमचा बेत कळत नाहीये. लगेच बाजूला व्हा. चालत्या होडीत समोरासमोर आलात तर दोघांनी उजवीकडे वळायचं. अंधार पडल्यावर नांगरलेल्या होडीवर चहूबाजूंनी दिसणारा पांढरा दिवा हवा, कपाळावरची बॅटरी पुरत नाही. कुंभारजुव्याच्या कालव्यात शिरलात तर पाण्यात हात-पाय सोडून बसू नका, तिथे मगरी आहेत.

नांगर उचलणं

इंजिन आधी चालू करा, मग दोर ओढा. होडी नांगराच्या बरोबर वर आली की तो बहुतेक सरळ सुटतो. अडकला तर दोर मागे नेऊन इंजिनाने खेचू नका, तिथेही फळीच बुडते. दोर नाळेलाच ठेवून थोडं वरच्या अंगाला जाऊन विरुद्ध बाजूने ओढून पाहा, नाहीतर पाणी पालटायची वाट बघा. तरीही नाही आला तर कॅन सोडून घरी जा आणि दुसऱ्या दिवशी सुकतीला या. साखळीवरचा चिखल होडीत घेण्याआधी तिथेच नदीत धुवा, नाहीतर पायाखाली निसरडं होतं.