नाशिकमधून न्यू जर्सीचे स्थानिक राजकारण कसे समजून घ्यावे

गंगापूर रोड, इंदिरानगर किंवा नाशिकरोडच्या सोसायट्यांमध्ये ज्यांची मुले न्यू जर्सीत स्थायिक झाली आहेत, अशी बरीच घरे सापडतात. एडिसन, पार्सिपनी, जर्सी सिटी ही नावे या घरांत सिन्नर-निफाडच्या सहजतेने घेतली जातात. या घरांतील ज्येष्ठ मंडळी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांविषयी आणि व्हिसाच्या नियमांविषयी तासभर बोलू शकतात. मात्र मुलीच्या घरावरचा कर कोण ठरवतो, नातवाच्या शाळेचा कारभार कोणाच्या हाती आहे किंवा घरासमोरच्या मोकळ्या जागेत तीनशे सदनिका बांधण्यास परवानगी कोणी दिली, असे विचारले तर उत्तर येत नाही. ज्यांना हे जाणून घ्यायचे आहे त्यांनी वॉशिंग्टनपासून खाली उतरण्याऐवजी घराच्या कराच्या बिलापासून वर चढावे, असे माझे मत आहे, कारण त्या राज्याच्या राजकारणातील बहुतेक भांडणे शेवटी त्याच कागदावर येऊन थांबतात.

कराचे बिल

म्हणून पहिल्यांदा प्रॉपर्टी टॅक्सच्या बिलाची प्रत मागवावी. न्यू जर्सी हे प्रॉपर्टी टॅक्सच्या बाबतीत अमेरिकेतील सर्वांत महागडे राज्य आहे आणि २०२४ मध्ये तेथील सरासरी वार्षिक बिल १०,००० डॉलरच्या पुढे गेले. बिलावर शाळा, नगरपालिका आणि काउन्टी (आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) यांच्या रकमा स्वतंत्र ओळींवर दिलेल्या असतात. अनेक ठिकाणी सार्वजनिक वाचनालय आणि मोकळ्या जागांचे जतन यांसाठीही वेगळी ओळ असते. राज्याची सरासरी पाहिली तर साधारण निम्मी रक्कम शाळांकडे जाते. वसुली मात्र सगळ्यांच्या वतीने नगरपालिका करते, त्यामुळे लोकांचा रागही तिच्यावरच निघतो. एखादा मेयरपदाचा उमेदवार ‘मी तुमचा कर निम्मा करीन’ असे सांगू लागला, तर बिलावरील नगरपालिकेची ओळ पाहावी. शाळेच्या रकमेवर त्याचा अधिकार चालत नाही, आणि उरलेल्या वाट्यातून निम्मे बिल कसे कमी होणार, हा साध्या वजाबाकीचा प्रश्न आहे.

कराचा हिशेबही आपल्यापेक्षा वेगळ्या दिशेने मांडला जातो. नाशिकमध्ये २०१८ साली घरपट्टीच्या वाढीवरून जो वाद पेटला, तो करयोग्य मूल्याचे दर वाढवल्यामुळे पेटला होता, कारण आपल्याकडे मूल्य वाढले की करही वाढतो. न्यू जर्सीत आधी खर्चासाठी किती रक्कम उभारायची हे ठरते आणि नंतर ती गावातील सर्व मालमत्तांवर त्यांच्या मूल्यांकनानुसार वाटली जाते. त्यामुळे संपूर्ण गावाचे फेरमूल्यांकन झाले म्हणून नगरपालिकेच्या तिजोरीत आपोआप जास्त पैसा येत नाही. ज्यांच्या घराचे मूल्य गावाच्या सरासरीपेक्षा जास्त वाढले त्यांचा वाटा वाढतो आणि इतरांचा घटतो. उभारायच्या रकमेची वार्षिक वाढ २०१० च्या कायद्याने २ टक्क्यांपर्यंत मर्यादित केलेली आहे. मात्र कर्जफेड, निवृत्तिवेतन, आरोग्यविमा अशा खर्चांना त्यात सवलती आहेत आणि अंदाजपत्रकावरील खरी चर्चा या सवलतींभोवतीच फिरते.

कोणाकडे कोणता अधिकार

आकाराने नाशिक जिल्ह्याच्या साधारण दीडपट असलेल्या या राज्यात २१ काउन्ट्या आणि ५६४ नगरपालिका आहेत. बरो, टाउनशिप, सिटी अशी त्यांची नावे वेगवेगळी असली, तरी नावावरून गावाचा आकार किंवा कारभाराची पद्धत ओळखू येत नाही, म्हणून आपल्या गावात कोणती पद्धत आहे हे नगरपालिकेच्या संकेतस्थळावर आधी पाहून घ्यावे. एडिसनचा मेयर थेट मतदारांकडून चार वर्षांसाठी निवडला जातो आणि प्रशासन प्रत्यक्ष चालवतो. सात सदस्यांची कौन्सिल संपूर्ण गावातून निवडून येते, म्हणजे प्रभाग नसतात. काही गावांत नेमलेला मॅनेजर कारभार पाहतो, तर टाउनशिप कमिटीच्या पद्धतीत सदस्यच आपल्यातून एकाला मेयर करतात. नाशिकच्या महापौरांना नगरसेवक निवडतात आणि प्रशासनाची सूत्रे आयुक्तांकडे असतात, हे आपल्या अंगवळणी पडलेले असते. म्हणून ‘मेयर’ या एका पदावरून सगळीकडे सारखाच अधिकार गृहीत धरू नये.

स्कूल बोर्ड ही पूर्णपणे स्वतंत्र निवडणूक असते. तेथे पक्षाचे चिन्ह नसते आणि नऊ सदस्यांच्या बोर्डात दरवर्षी साधारण तीन जागांसाठी मतदान होते. मराठी घरांतून राजकारणात पहिले पाऊल पडते ते बहुधा येथेच, कारण मुलांच्या शाळेचा विषय सर्वांच्या जिव्हाळ्याचा असतो आणि थोड्या मतांनी निकाल फिरतो.

ट्रेन्टन या राजधानीतील विधिमंडळात ४० मतदारसंघांतून प्रत्येकी एक सिनेटर आणि दोन असेंब्ली सदस्य येतात. या निवडणुका विषम वर्षांत होतात, त्यामुळे राष्ट्राध्यक्षपदाच्या गदारोळात त्या झाकल्या जात नाहीत. पण मतदानाचे प्रमाण मात्र घसरते. गव्हर्नरपदाची निवडणूक राष्ट्राध्यक्षांच्या निवडणुकीनंतरच्या वर्षी असते. नोव्हेंबर २०२५ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या मिकी शेरिल यांनी रिपब्लिकन पक्षाचे जॅक चिटरेली यांचा पराभव केला आणि त्या प्रचारात विजेच्या वाढलेल्या बिलांनी प्रॉपर्टी टॅक्सच्या जोडीने मोठी जागा व्यापली. तेथील गव्हर्नरला अंदाजपत्रकातील एकेक बाब खोडण्याचा अधिकार असल्याने ३० जूनपूर्वीचा आठवडा, जेव्हा राज्याचे अंदाजपत्रक मंजूर व्हावे लागते, तो लक्ष देऊन वाचण्यासारखा असतो.

बैठकीची विषयपत्रिका

वर्तमानपत्रांवर फार विसंबू नये. नाशिकला देशदूत किंवा गावकरीसारखी स्थानिक दैनिके लाभली, तशी सोय तेथील लहान गावांना उरलेली नाही; स्टार-लेजर हे राज्यातील मोठे दैनिकसुद्धा फेब्रुवारी २०२५ मध्ये छापील स्वरूपात बंद झाले आणि जर्सी सिटीचे जर्सी जर्नल त्याच सुमारास पूर्णच थांबले. अशा वेळी कौन्सिलच्या बैठकीची विषयपत्रिका हाच सर्वांत विश्वसनीय कागद ठरतो. १९७५ च्या खुल्या बैठकांच्या कायद्यानुसार बैठकीची सूचना किमान ४८ तास आधी द्यावी लागते.

विषयपत्रिकेत ‘ऑर्डिनन्स’ आणि ‘रेझोल्युशन’ असे दोन प्रकार दिसतील. रेझोल्युशन म्हणजे साधा ठराव. तो त्याच बैठकीत संमत होतो आणि बिनवादाचे अनेक ठराव ‘कन्सेंट अजेंडा’ या नावाखाली एकाच मतदानात उरकले जातात. ठेकेदारांची देयके आणि वकिलांची नेमणूक बहुधा याच गाठोड्यात असते, म्हणून ते चाळून पाहावे. ऑर्डिनन्स हा स्थानिक कायदा असल्याने त्याची दोन वाचने होतात. पहिल्या वाचनात तो फक्त मांडला जातो आणि दुसऱ्या वाचनाच्या वेळी जनसुनावणी होते. एखाद्या भूखंडाचा वापर बदलणारा ऑर्डिनन्स पहिल्या वाचनाला दिसला, तर मुलीला त्याच दिवशी कळवावे, कारण तिला माइकसमोर उभे राहून बोलण्याची संधी दुसऱ्या वाचनालाच मिळणार आहे. बोलण्याच्या वेळेला गावोगावी काही मिनिटांची मर्यादा असते, तेव्हा मुद्दे लिहून नेणे चांगले.

सध्या अशा ऑर्डिनन्समागे परवडणाऱ्या घरांचा विषय अनेकदा असतो. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९७५ च्या माउंट लॉरेल निकालापासून प्रत्येक नगरपालिकेवर आपल्या वाट्याची परवडणारी घरे होऊ देण्याची जबाबदारी आहे आणि २०२४ च्या कायद्याने २०२५ ते २०३५ या दशकासाठी नवी प्रक्रिया घालून दिली. ‘आमच्या गावात एवढ्या सदनिका कशाला’ हा प्रश्न सभेत जोरात विचारला जातो, तेव्हा कौन्सिलच्या हातात नेमके किती उरले आहे, हे या पार्श्वभूमीशिवाय कळत नाही.

सायंकाळी सातची बैठक नाशिकमध्ये उन्हाळ्यात पहाटे साडेचारला आणि हिवाळ्यात साडेपाचला सुरू होते. इतक्या पहाटे उठण्याची गरज नाही. अनेक नगरपालिका चित्रफीत नंतर उपलब्ध ठेवतात. विषयपत्रिका समोर घेऊन हवा तेवढाच भाग पाहावा.

खरी लढत जूनमध्ये

अनेक गावांत आणि मतदारसंघांत एकाच पक्षाचे वर्चस्व असल्याने नोव्हेंबरचा निकाल आधीच ठरल्यासारखा असतो आणि खरी चुरस जूनमधील प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत होते. आपल्याकडे शेवटच्या दिवशी एबी फॉर्म कोणाच्या हातात पडतो यावर तिकीट ठरते आणि मग बंडखोरी सुरू होते. तेथे तिकीट पक्षाचे मतदार देतात. तरीही काउन्टी पातळीवरील पक्षनेत्यांचा दबदबा कमी नव्हता, कारण २१ पैकी १९ काउन्ट्यांत पक्षपुरस्कृत उमेदवारांची नावे मतपत्रिकेवर एकाच रांगेत छापली जात आणि इतरांना कोपऱ्यात जागा मिळे. डेमोक्रॅटिक पक्षाचे अँडी किम यांनी अमेरिकी सिनेटच्या उमेदवारीसाठी लढताना या पद्धतीला न्यायालयात आव्हान दिले, मार्च २०२४ मध्ये संघीय न्यायाधीशांनी त्या वर्षीच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीसाठी तिला मनाई केली आणि २०२५ मध्ये कायदाच बदलला. आता प्रत्येक पदाखाली सर्व उमेदवार एकत्र दिसतात. गव्हर्नरपदासाठी २०२५ च्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत सहा उमेदवार ताकदीने उभे होते, यावरून मैदान किती मोकळे झाले याचा अंदाज येतो.

कोणत्याही पक्षात नोंद नसलेला मतदार प्रायमरीच्या दिवशी पक्ष निवडून मत देऊ शकतो. दुसऱ्या पक्षात नोंद असेल तर मात्र ५५ दिवस आधी बदल करावा लागतो. मतदार नोंदणी निवडणुकीच्या २१ दिवस आधी पूर्ण व्हावी लागते. नमुना मतपत्रिका काउन्टी क्लार्कच्या संकेतस्थळावर येते. ती वरपासून खालपर्यंत वाचावी आणि खालच्या ओळी सोडू नयेत. २०२१ मध्ये राज्य सिनेटचे दीर्घकाळचे अध्यक्ष स्टीव्ह स्वीनी यांना एडवर्ड डर या ट्रकचालकाने हरवले, आणि त्या लढतीकडे मतदानाच्या दिवसापर्यंत कोणी फारसे पाहिलेही नव्हते.

उमेदवाराचे आडनाव भारतीय आहे एवढ्यावरून त्याची भूमिका ठरवू नये. उपेंद्र चिवुकुला २००१ मध्ये विधिमंडळावर निवडून आले तेव्हा असे नाव अपवादाचे होते. आता राज्याचे सिनेटर विन गोपाल, होबोकनचे मेयर राहिलेले रवी भल्ला अशी अनेक नावे आहेत आणि कर, घरे, शाळा यांवर त्या सर्वांचे मत एकच असेल असे मानण्याला आधार नाही.

काय करू नये

हा भाग लहान असला तरी चुकीची किंमत मोठी आहे. मतदानाचा अधिकार फक्त नागरिकाला आहे. ग्रीन कार्डधारकाला नाही. वाहन परवान्याच्या कार्यालयात मतदार नोंदणी आपोआप होण्याची पद्धत २०१८ पासून लागू आहे, म्हणून तेथील पडद्यावर नागरिकत्वाचा प्रश्न आला की घाईने ‘हो’ दाबू नये. त्या एका उत्तरामुळे पुढे नागरिकत्वाचा अर्ज अडचणीत येऊ शकतो. निवडणूक निधीला ग्रीन कार्डधारक देणगी देऊ शकतो, पण एच-१बी व्हिसावरील व्यक्ती देऊ शकत नाही आणि नाशिकहून व्हिसावर जाऊन राहिलेले आई-वडीलही देऊ शकत नाहीत, मग ती रक्कम स्कूल बोर्डाच्या उमेदवारासाठी वीस डॉलर का असेना. मुलाच्या नावाने आपले पैसे देणे हाही गुन्हाच आहे. विनामोबदला पत्रके वाटणे किंवा फोन करणे चालते. प्रचाराच्या निर्णयांत मात्र भाग घेता येत नाही.

इकडची बाजूही तपासावी. भारतीय पारपत्र असलेला मुलगा नमुना ६-अ भरून नाशिकच्या यादीत अनिवासी मतदार म्हणून राहू शकतो, परंतु मतदानासाठी त्याला प्रत्यक्ष केंद्रावर यावे लागते. त्याने अमेरिकी नागरिकत्व घेतले असेल, तर यादीतून नाव वगळण्यासाठी नमुना ७ भरावा.

पैशाचा माग आणि निकालानंतर

राज्याचा निवडणूक कायदा अंमलबजावणी आयोग उमेदवारांचे जमा-खर्चाचे अहवाल सर्वांसाठी खुले ठेवतो. हे अहवाल मतदानाच्या २९ आणि ११ दिवस आधी व २० दिवसांनंतर येतात आणि २०० डॉलरपेक्षा जास्त देणाऱ्यांची नावे, व्यवसाय व नोकरीचे ठिकाण त्यांत असते. अहवाल उघडल्यावर बेरीज पाहण्यापेक्षा नावे पाहावीत: अभियांत्रिकी कंपन्या, वकिलांच्या संस्था, बांधकाम व्यावसायिक. नावे एका कागदावर उतरवून ठेवावीत, कारण ती पुढे लागणार आहेत.

नोव्हेंबरमधील मतदान रात्री आठला संपते, तेव्हा नाशिकमध्ये बुधवारची सकाळ साडेसहा वाजलेली असते. चहासोबत दिसणारे आकडे अंतिम नसतात. मतदानाच्या दिवसाची टपाल मोहोर असलेली मते पुढील सहा दिवसांपर्यंत स्वीकारली जातात आणि कौन्सिल किंवा स्कूल बोर्डाच्या अटीतटीच्या लढतीत ती निकाल उलटवू शकतात.

बहुतेक गावांत जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पुनर्रचना बैठक होते. शपथविधीचे फोटो समाजमाध्यमांवर फिरतात, पण त्याच बैठकीत वर्षभरासाठी गावाचा वकील, अभियंता आणि लेखापरीक्षक नेमले जातात. ती नेमणुकांची यादी आणि आधी उतरवलेली देणगीदारांची यादी शेजारी ठेवून वाचावी. जुळणारे नाव सापडले म्हणून लगेच भ्रष्टाचार सिद्ध होत नाही. परंतु त्या नावाच्या कराराची प्रत सार्वजनिक नोंदींच्या कायद्याखाली मुलीला मागता येते आणि नगरपालिकेला सर्वसाधारणपणे कामकाजाच्या सात दिवसांत उत्तर द्यावे लागते.