दीर्घकाळ मद्यपान करणाऱ्यांतील थायमिनची कमतरता कशी ओळखावी आणि पुढे काय करावे

अनेक वर्षे भरपूर दारू पिणारा माणूस एखाद्या दिवशी असंबद्ध बोलू लागला आणि चालताना झोकांड्या खाऊ लागला, तर घरचे लोक बहुधा ‘जास्त झाली असेल’ असे समजून त्याला झोपू देतात. ही समजूत घातक ठरू शकते, कारण हीच लक्षणे ब-१ जीवनसत्त्वाच्या, म्हणजे थायमिनच्या, तीव्र अभावानेही दिसतात आणि तेव्हा उपचार त्याच दिवशी सुरू व्हावे लागतात.

ग्लुकोजपासून ऊर्जा मिळवण्यासाठी मेंदूला थायमिन लागते. शरीरातील त्याचा साठा जेमतेम ३० मिलिग्रॅमच्या आसपास असतो आणि आहारातून भर पडली नाही तर तो काही आठवड्यांतच संपतो. दारूमुळे जेवण कमी होते, आतड्यांतून थायमिन नीट शोषले जात नाही आणि यकृतातही पुरेसे साठत नाही. परिणामी मेंदूच्या खोल भागातील, डोळ्यांच्या हालचाली, तोल आणि स्मृती सांभाळणाऱ्या पेशींना इजा होते. कार्ल व्हेर्निके यांनी १८८१ मध्ये वर्णन केलेला हा आजार त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

आधी आहाराची चौकशी करावी: नीट जेवण होऊन किती दिवस झाले, उलट्या होतात का, वजन उतरले आहे का. मग बुबुळे थरथरतात का, एकाचे दोन दिसतात का, पाय फाकवून चालावे लागते का, वेळकाळाचे भान सुटले आहे का, हे पाहावे. डोळे, तोल आणि भान या तिन्हींत एकाच वेळी बिघाड थोड्याच रुग्णांत दिसतो. म्हणून एखादे लक्षण दिसले तरी वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

तेथे रोजचे मद्यपान किती, शेवटचा पेला केव्हा घेतला आणि जेवण किती दिवस तुटले आहे, हे संकोच न करता सांगावे, कारण निदान बरेचसे या माहितीवरच अवलंबून असते. थायमिन इंजेक्शनने द्यावे लागते. अशा अवस्थेत केवळ गोळ्यांवर भिस्त ठेवता येत नाही. थायमिनशिवाय नुसते ग्लुकोज चढवल्यास उरलासुरला साठाही संपू शकतो, म्हणून ‘थायमिन दिले का?’ असे नम्रपणे पण अवश्य विचारावे. मात्र रक्तातील साखर फार घसरली असेल, तर ग्लुकोज थांबवून ठेवता येत नाही; दोन्ही बरोबरच दिले जातात.

घरच्या घरी दारू एकदम तोडायला लावू नये. पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात आणि त्यानंतर भ्रमाची जीवघेणी अवस्थाही उद्भवू शकते. दारू सोडवायची ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच.

उपचारानंतर डोळे काही तासांत किंवा दिवसांत सुधारतात, चाल सावरायला आठवडे लागतात, स्मृती मात्र अनेकदा मागे राहते. सर्गेई कोर्साकोव्ह यांनी १८८७ मध्ये मांडलेल्या या अवस्थेत नवे काही लक्षात राहत नाही आणि रुग्ण रिकाम्या जागा कल्पित प्रसंगांनी भरून काढतो. तो खोटे बोलत नसतो, हे घरच्यांनी मनापासून समजून घ्यावे. वाद घालू नये, उलटतपासणी करू नये. दिनक्रम ठरावीक ठेवावा, वस्तूंच्या जागा बदलू नयेत, रोजच्या गोष्टी डोळ्यांसमोर ठळक अक्षरांत लिहून ठेवाव्यात. दारू पूर्ण बंद राहिली आणि आहार व थायमिन चालू राहिले, तर सुधारणा वर्ष-दोन वर्षेही होत राहते. त्यामुळे कायमच्या व्यवस्थेचा निर्णय पहिल्या काही महिन्यांत घेऊ नये.